जादा बाब

ऐरोलीच्या पुलाखालची भिंत,
लांबी चौसष्ट मीटर, उंची सरासरी तीन.
मीच मोजली. टेपचं दुसरं टोक
पानवाल्याच्या मुलानं धरलं होतं.
अंदाजपत्रकही माझंच:
बाब एक, जुने पोपडे खरवडणे.
बाब दोन, प्रायमर.
बाब सहा, वन्यजीव.
बाब सात, अपारंपरिक ऊर्जा.
दर दोन्हींचा सारखा,
चौरस फुटाला पंच्याऐंशी रुपये, करासहित,
वाघ असो की पवनचक्की.

वाघ साहेबांचा.
म्हटलं, साहेब, खाडीत वाघ नाही, कोल्हा आहे,
तिवरांतून रात्री रस्त्यापर्यंत येतो,
दिवे दिसले की परत फिरतो.
ते म्हणाले, कोल्हा काढला की लोकांना
गोष्टीतला लबाडच आठवणार.
वाघ ठेवा.

काम मिळालं सुकेशिनी मढवीला,
दिवा कोळीवाड्याची.
अनुभवाच्या दाखल्यात तिनं लिहिलं होतं:
अकरा होड्या, दोन बालवाड्या, एक दवाखाना.
दिवसा वाहतूक अडते म्हणून रात्रीची परवानगी,
उजेडासाठी भाड्याचा जनरेटर.
ती सौर पट्ट्या रंगवायची
आणि तो शेजारी खोकत असायचा.
डिझेलचं बिल मी तपासलं,
बरोबर आहे, असं लिहिलं.

अग्निपंख बेचाळीस.
मंजूर नमुन्यात तेवढेच होते.
पाणी निळं. नमुन्यात निळंच होतं.

तिचा आजा जोमा, खांद्यावर जाळं,
पहाटेच्या ओहोटीला निघालेला,
भिंतीसमोर थांबला. बराच वेळ.
"पाखरा हायेत, पानी हाय.
चिखल कं हाय?
रंग खातीन काय तुजी पाखरा?"

मी तिथेच होते, वहीत तारीख टाकत.
सुकेशिनी काही बोलली नाही,
ब्रश धूत राहिली,
धुऊन झालेला ब्रश पुन्हा धूत राहिली.

दुसऱ्या रात्री तिनं एकाच बादलीत
उरलेलं सगळं ओतलं,
वाघाचा केशरी, पट्ट्यांचा निळा,
पात्यांचा थोडा पांढरा,
आणि काठीनं ढवळलं.
जे झालं ते
आम्ही सगळे नाक धरून ओलांडतो तेच होतं.
भिंतीच्या तळाशी, कमरेइतक्या उंचीपर्यंत,
ते तिनं हातांनी फासलं.
त्यात निवट्या, डोळे डोक्यावर आलेल्या.
चिंबोऱ्यांची बिळं.
तिवरांची श्वास घेणारी मुळं, आभाळाकडे टोकं करून.
आणि पावलं,
एका ओळीत, वाघाच्या दिशेनं गेलेली,
तिथून जराशी रेंगाळून
पवनचक्कीमागे वळलेली.
कोल्हा नाही काढला. नमुन्यात नव्हता.

तपासणीला साहेब आले.
"खालचा पट्टा रंगवायचा राहिलाय.
तेवढं क्षेत्रफळ वजा करा."
मी हिशेब केला: सहाशे एकोणनव्वद चौरस फूट,
अठ्ठावन्न हजारांच्या वर.
तिची तीन महिन्यांची सकाळ-संध्याकाळ.

मग गुडघ्यांवर बसले,
रंग धरलाय का बघतात
तसं नखानं खरवडलं.
नख स्वच्छ निघालं.
चिखल पक्का होता.

वजावटीचा रकाना रिकामा सोडला.
वर्णनात लिहिलं:
चिखल, दोन हात, पूर्ण.
खाली सही.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला,
परत वाचलं.
"ही बाब मंजूर नाही."
"जादा बाब," मी म्हणाले. "त्याच दरात."

फाइल लेखा विभागात आहे.
सुकेशिनी दर मंगळवारी फोन करते,
मी दर मंगळवारी उचलते.
निळं पाणी धुरानं काळवंडू लागलंय,
चिखलाला काही झालेलं नाही.

परवा जोमाआजा भेटला, भिंतीपाशीच,
एका निवटीवर बोट ठेवून उभा.
आवडली का विचारलं.
"चांगली हाय," म्हणाला.
"पन एवरी मोटी आता मिलत नाय."